तीन फुलपात्रं पाणी

शिवाजी पेठेत माणसाला काहीतरी नाद असावाच लागतो. कुणाला फुटबॉलचा, कुणाला तालमीचा, कुणाला कबुतरांचा. ज्याला कसलाच नाद नाही त्याच्याकडे पेठ जरा संशयानंच बघते. शंकरप्पा शेट्यांना नाद होता, पण तो पेठेला कधी नीट उमगला नाही. घरामागच्या परसात पत्र्याच्या छपराखाली साठ-सत्तर कुंड्या टांगलेल्या, आणि एकाही कुंडीत माती नाही. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, आणि त्यांना मिठी मारून बसलेलं एकेक झाड. वर्षातले दहा-अकरा महिने ती झाडं बघण्यासारखी नसतच. पावसाच्या तोंडावर त्यातली सीतेची वेणी फुलली की मात्र बायका-पोरं परसात यायची, आणि शेटे जरा चक्रम असले तरी फुलं झकास आहेत, असं कबूल करून जायची.

शेट्यांची लाकडाची वखार होती. आंबा घाटाकडून, गगनबावड्याकडून ओंडके ट्रकनं यायचे आणि सालीला चिकटून ही झाडंही यायची. हमाल त्यांना बांडगुळं म्हणायचे आणि कोयत्यानं खरवडून जळणात टाकायचे. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक दारासाठी लाकूड बघायला आले होते. त्यांनी ढिगातून एक झाड उचललं आणि सांगितलं की शेटजी, हे बांडगूळ नाही, ऑर्किड आहे. हे झाडाचं काही खात नाही, नुसतं त्याच्या अंगावर बसतं. जन्मभर व्यापारात काढलेल्या माणसाला, कुणाचं काही न खाता राहणारा जीव पाहून नवल वाटलं असावं. त्या दिवसापासून वखारीत एकही बांडगूळ जळलं नाही.

या झाडांना पाणी कधी घालायचं हे कळायला शंकरप्पांना सहा वर्षं लागली, आणि शंभरेक झाडं गेली. त्यातली सव्वीस त्यांच्या बायकोनं एका दमात मारली होती. शांतव्वा संकेश्वरकडची, लिंगायत घरातली. अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय चहाचा घोट घ्यायची नाही. पूजेचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून झाडाला घालायचं, ही तिच्या माहेरची रीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिनं पाहिलं, नवऱ्याची झाडं पानं गाळून वाळल्या काड्यांसारखी उभी आहेत. तिच्या जिवाला लागलं ते. मग रोज त्यांना पूजेचं पाणी, आणि ते कुठं पुरतंय म्हणून वर तांब्या-तांब्या साधं पाणी. संक्रांतीपर्यंत सव्वीस कुंड्यांतली मुळं कुजून शेणासारखी झाली. अति तिथं माती म्हणतात, ते असं.

शंकरप्पा चार दिवस बायकोशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तिला परसात घेऊन गेले आणि शिकवणीच घेतली. मूळ कोरडं झालं की चुन्यासारखं पांढरं होतं, पाणी मिळालं की हिरवं. पांढरं दिसलं म्हणून धावायचं नाही, कुंडी हातात घेऊन वजन बघायचं. हलकी लागली तरच घालायचं. पानं गाळून झाड झोपलं की नवा कोंब दिसेपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही. आणि झाड मलूल दिसलं म्हणून तर पाणी घालूच नये, कारण पाणी जास्त झालेलं झाडही तहानलेलंच दिसतं. मूळ कुजलं की पाण्यात उभं असून त्याला पिता येत नाही.

"माया आली म्हणून पानी घालायचं न्हाय, शांता," ते म्हणाले. "माया आपल्याला येती. झाडाला ती सोसत न्हाय."

शांतव्वानं ते ऐकलं आणि पुन्हा त्या कुंड्यांना हात लावला नाही. पूजेचं पाणी दारातल्या जास्वंदीला जाऊ लागलं. पण तेव्हापासून शेजारणींना ती कौतुकानं सांगायची, की आमच्या मालकांना झाडाची खरी तहान कुठली नि खोटी कुठली, सगळं कळतं. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्या दुःखाचा कोळसा दोघांनी कधी उगाळला नाही. वखार होती, झाडं होती आणि एकमेकं होती. अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत शांतव्वाच्या पायांवर सूज आली. आधी चपला पायात जाईनात म्हणून तिनं चांभाराला दोष दिला, मग जोडवी रुतायला लागली तेव्हा गप्प झाली. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत. मुंबईला रक्त धुवायचं यंत्र होतं, पण तिचं हृदय तो प्रवास आणि ते यंत्र सोसेल असं त्यांना वाटत नव्हतं. इथं हातात होतं ते एवढंच, की मीठ बंद आणि पाणी मोजून. दिवसाला तीन फुलपात्रं. त्यात चहा आला, ताक आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. घरच्यांना हे जमत नाही, डॉक्टर म्हणाले. तहानलेलं माणूस बघवत नाही आणि मग कुणीतरी चोरून पाणी देतं.

शंकरप्पा म्हणाले, मला जमेल. आणि त्यांना जमलं. पितळेचं एक फुलपात्र त्यांनी वेगळं काढलं, वखारीचं काम मुनिमावर सोडलं, आणि सकाळी सहापासून दर दोन तासांनी चार घोट, असा दिवस बांधून टाकला. रोज सकाळी तिच्या नडगीवर अंगठा दाबून ते बघायचे, खड्डा किती पडतो आणि भरायला किती वेळ लागतो. कुंड्यांवर इतकी वर्षं फिरलेला तो हात होता, त्याला फरक लगेच कळायचा. महिन्याभरात सूज उतरली. शांतव्वा भिंतीला धरून देवघरापर्यंत जायला लागली. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखी माणसं घरोघरी असती तर माझे निम्मे पेशंट वाचले असते. शंकरप्पांना त्या वाक्याचा अभिमान वाटला. कुणालाही वाटला असता.

पण चैत्र लागला आणि ऊन तापू लागलं. पत्रे सकाळी दहालाच कडकडायचे. शांतव्वाची जीभ टाळूला चिकटायला लागली, ओठांची सालपटं निघायला लागली. ती मागायची. आधी थट्टेनं मागायची, मग लहान पोरासारखी, मग नुसती त्यांच्या हाताकडे बघत राहायची. शंकरप्पा ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसायचे आणि समजावायचे की ही तहान खरी नाही. अंगात पाणी आहेच, ते बाहेर जात नाही, म्हणून तसं वाटतं. ती मान हलवायची. एकदा म्हणाली की मला मागच्या दारात बसवा, तुम्ही झाडांना पाणी घालताना बघते. त्यांनी तिला दारात बसवलं. झारीचं पाणी कोळशावरून ठिबकत होतं आणि ती डोळे मिटून ऐकत होती. त्या दिवशी त्यांनी झाडांना गरजेपेक्षा जास्त पाणी घातलं, आणि आत येऊन बराच वेळ तिच्याकडे बघायचं टाळलं.

मदतीला म्हणून पेठ वडगावाहून तिची थोरली बहीण आली होती. गंगव्वा तिचं नाव, सगळे आक्का म्हणत. विधवा, अंगानं धिप्पाड, आणि बोलायला एक घाव दोन तुकडे. आक्का आल्यावर आठवड्याभरात शांतव्वाच्या पायांवर सूज परत दिसू लागली. शंकरप्पांचा अंगठा खोटं बोलत नव्हता. त्यांनी दोन दिवस पाळत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दिसलं, आक्का लुगड्याचा पदर तांब्यात बुडवून बहिणीच्या तोंडात पिळत होती, आणि शांतव्वा तिचं मनगट दोन्ही हातांनी धरून पदर चोखत होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आक्काला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, तुमच्या मायेनं ती मरेल; संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही जा.

एस. टी. स्टँडवर ते स्वतः सोडायला गेले.  गाडीत बसल्यावर आक्का खिडकीतून म्हणाली, "पावणं, तुमचं बरोबर हाय. म्या चुकलो. पर तिचं तोंड म्या बघितलंय." गाडी निघून गेली. दोन तास होत आले म्हणून शंकरप्पा घाईनं घरी परतले.

वैशाख संपत आला तेव्हा डॉक्टर एका सकाळी आले. शांतव्वा आता उठत नव्हती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, श्वास घेताना छातीत खरखर व्हायची. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, तिच्याशी दोन शब्द थट्टेचे बोलले. मग बाहेर सोप्यात येऊन चपला घालताना, शंकरप्पांकडे न बघता हळू म्हणाले, "शेटजी, आता पथ्य वगैरे काही ठेवू नका. मागतील ते द्या त्यांना."

या वाक्याचा अर्थ आपल्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. शंकरप्पांना तर लगेच कळला. त्यांनी डॉक्टरांची बॅग उचलून रिक्षापर्यंत पोचवली, नमस्कार केला आणि घरात आले. शांतव्वानं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

"हाय तसंच चालू ठेवा म्हनले," शंकरप्पांनी सांगितलं. "सुधारना हाय म्हनले."

का सांगितलं तसं, हे कुणी त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भरलेलं फुलपात्र तिच्या हातात दिलं असतं, तर ती वर बघून समजली असती. तिनं समजावं हे त्यांना नको होतं. आणि खरं म्हणजे, आपण स्वतः समजलो आहोत हेही त्यांना नको होतं. पाणी मोजत होते तोवर ती बरी होणारी रुग्ण होती. मोजणं थांबलं की ती मरणारी बाई होणार होती. म्हणून त्यांनी दुपारी बाराला चार घोट दिले आणि दोनला चार घोट दिले. शेजारच्या अंबूबाई चौकशीला आल्या, त्यांनाही त्यांनी सुधारणा आहे म्हणून सांगितलं.

तीन दिवस असे गेले. त्या तीन दिवसांत शंकरप्पांना जेवण गेलं नाही. स्वतः पाणी प्यायला ते परसात जायचे आणि घराकडं पाठ करून प्यायचे. चौथ्या दिवशी सकाळी पूजेच्या वेळी शांतव्वानं लिंग तळहातावर ठेवायला सांगितलं. त्यांनी खालून आपला हात धरला. पळीभर पाणी लिंगावर घातलं, ते तिच्या बोटांतून ओघळून खाली वाटीत पडलं. ती त्या वाटीकडे बघत होती. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी तिला बऱ्याच गोष्टींकडे बघताना पाहिलं होतं. पण असं बघताना नाही. तिनं हात पुढं केला नाही. तिचं पाणी आठ वाजता होतं आणि तेव्हा सव्वासात झाले होते.

 शंकरप्पा उठले, माठातलं गार पाणी तांब्याभर घेतलं, तिच्याजवळ येऊन बसले आणि तिची मान आपल्या कोपरात घेऊन तांब्या तिच्या ओठांना लावला.

शांतव्वानं तोंड फिरवलं.

"पी," ते म्हणाले. "पाहिजे तेवढं पी."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. सुजलेल्या डोळ्यांत थोडं हसूही होतं, नवरा चुकला की तिला यायचं तसं. "तुमास्नी माया आली व्हय?" ती म्हणाली. मग थांबून दम घेतला. "नगं. डाक्टर सुधारना हाय म्हनल्यात. एवढं काढलं, आता थोडक्यासाठी कशाला मोडायचं? आठ वाजू द्या."

आता नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. शांता, डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. एवढंच. ते वाक्य शंकरप्पांच्या ओठापर्यंत आलं. वखारीवर दोन-दोन टनांचे ओंडके उचलून घेणारा माणूस तो, त्याला चार शब्द उचलेनात. पाणी द्यायचं तर मरण सांगावं लागत होतं. त्यांनी पुन्हा एकदा पी म्हणून पाहिलं, आवाज चढवून पाहिला, विनवून पाहिलं. ती बधली नाही. उलट तिनंच त्यांची समजूत घातली, की घाबरू नका, मी कळ काढते, पाऊस पडायच्या आत मी हिंडायला लागते की नाही बघा. आणि म्हणाली, माझा पाय बघा आज, खड्डा कमी पडतोय. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा खोल पडला आणि तसाच राहिला.

"व्हय," शंकरप्पा म्हणाले. "कमी हाय आज."

ती समाधानानं डोळे मिटून पडली. श्वासाची खरखर वाढत गेली. शंकरप्पा तिचा हात धरून घड्याळाकडे बघत होते, कारण आठ वाजता ती नाही म्हणणार नव्हती. त्या वेळी ते चार घोटांऐवजी चौदा घोट देणार होते, तिला कळायच्या आत. आठला दहा मिनिटं असताना खरखर थांबली. ती पुन्हा सुरू होईल म्हणून ते वाट बघत राहिले. मग घड्याळात आठचे ठोके पडले आणि त्यांना कळलं.

त्यांच्या हाकेनं अंबूबाई धावत आल्या आणि त्यांनी पेठ जमवली. मठातले स्वामी आले, कपाळाला विभूती लावली, तिच्या तोंडात तीर्थ घातलं. ते आत गेलं नाही. ओठाच्या कडेनं खाली हनुवटीवर आलं. शंकरप्पांनी धोतराच्या सोग्यानं ते पुसलं, आणि स्वामींना म्हणाले की अजून घाला. स्वामींनी पुन्हा घातलं. ते म्हणाले, अजून घाला. तिसऱ्या वेळी स्वामींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाटी बाजूला केली.

पेठ वडगावाहून आक्का दुपारी पोचली. रीतीप्रमाणं बहिणीला मांडी घालून भिंतीशी बसवलं होतं, हार घातले होते. आक्कानं तिच्या तोंडावरून हात फिरवला. फाटलेल्या ओठांवर तिचा हात थांबला. तिनं रडून घेतलं, आणि मग उठून शंकरप्पांना शोधत परसात गेली. ते कुंड्यांच्या मध्ये उभे होते. कुंड्यांकडे बघत होते असंही नाही.

"पावणं," आक्का म्हणाली, "शेवटाला पानी पिली का ती?"

हो म्हणता आलं असतं. असल्या वेळी माणसं हो म्हणतात, त्याचं पाप कुणी धरत नाही. पण चार दिवसांपूर्वी बोललेल्या एका खोट्यानं जे केलं ते पाहिल्यावर शंकरप्पांच्या तोंडून दुसरं निघेना. त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर सोप्यात काय बोलले ते, आपण आत येऊन काय सांगितलं ते, तीन दिवस मोजलेले घोट, सकाळचा तांब्या, आणि तिनं तोंड फिरवलं ते.  आक्का पदर तोंडाशी धरून ऐकत होती. घरात बायकांचं रडणं चालू होतं, बाहेर कुणीतरी मयताच्या गाडीला हार बांधायला दोरी मागत होतं.

सांगून झाल्यावर शंकरप्पांनी तिच्याकडे बघितलं. "आक्का, म्या खरं सांगितलं असतं तर ती पिली असती न्हवं?"

आक्काला त्यांची कीव आली होती. बहिणीचं घर इतकी वर्षं नीट ठेवलेला माणूस होता तो, आणि तिच्यासाठी त्यानं स्वतःला किती वाळवलंय ते समोर दिसत होतं. पण तिला खोटं बोलता येत नसे, आणि त्यांनी विचारलं होतं.

"व्हय," आक्का म्हणाली. "पिली असती."

शंकरप्पांनी मान हलवली, जसं काही त्यांना ठाऊकच होतं. मग ते परसातल्या दगडावर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. आक्का त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिनं त्यांना गप्प केलं नाही, बाहेरून माणसं बोलवायला आली तेव्हा फक्त हात धरून उठवलं.